गल्ल्यावर कोण बसलं होतं?

न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या अपोलो थिएटरच्या रंगमंचावर झाडाच्या बुंध्याचा एक तुकडा ठेवलेला असतो. हौशी कलाकारांच्या रात्री नाव पुकारलं गेलं की नवखा गायक आधी त्या लाकडावरून हात फिरवतो आणि मगच माइककडे वळतो. ‘आशेचं झाड’ असं त्याला म्हणतात. पर्यटकांना ही प्रथा फार आवडते. पण ते झाड अपोलोच्या दारात कधीच नव्हतं. ते उभं होतं सातव्या ॲव्हेन्यूवर, लाफायेट थिएटरच्या शेजारी. कामाच्या शोधातले नट, नर्तकी, वादक त्या एल्म वृक्षाखाली ताटकळत उभे राहायचे आणि नशीब उघडावं म्हणून खोडाला हात लावायचे. १९३४ मध्ये रस्ता रुंद करताना झाड तोडलं, लाकूड विकलं गेलं आणि त्यातला एक ओंडका अपोलोत येऊन पोचला.

त्याच वर्षी अपोलोनं कृष्णवर्णीय प्रेक्षकांना दार उघडलं. त्याआधीची वीस वर्षं ते फक्त गोऱ्या गिऱ्हाइकांचं बर्लेस्क, म्हणजे थिल्लर नाच-विनोदाच्या खेळांचं, थिएटर होतं. लाफायेटनं मात्र १९१३ मध्येच कृष्णवर्णीय माणसाला तळमजल्यावरच्या खुर्चीत बसू दिलं होतं. न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांत ही सुरुवात त्यानं केली. पुढं काय झालं? अपोलोला १९८३ मध्ये शहरानं संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. लाफायेट २०१३ मध्ये जमीनदोस्त झालं.

अपोलोचं मोठेपण नाकारण्याचं कारण नाही. तिथं जे गाणं झालं ते झालंच. माझा आक्षेप आपण वास्तू मोजतो त्या मापाला आहे. अमेरिकेत आफ्रिकी-अमेरिकी रंगभूमीची जुनी घरं वाचवण्याचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. इमारत देखणी आहे का, आणि इथं कोण गाजलं? पैसा सार्वजनिक असेल तर पहिला प्रश्न वेगळा हवा, असं मला वाटतं. गल्ल्यावर कोण बसलं होतं? आणि त्याच्याच जोडीचा दुसरा: तिकीट काढणाऱ्याला कुठल्या दारानं आत घेतलं जात होतं आणि कुठं बसवलं जात होतं? ही उत्तरं मिळाल्याशिवाय नटांच्या नावांची यादी अर्धवट आहे.

‘इन डाहोमी’चंच बघा. १८ फेब्रुवारी १९०३ रोजी ब्रॉडवेवरच्या न्यूयॉर्क थिएटरात हे संगीतक सुरू झालं. संगीत विल मॅरियन कुकचं, संवाद जेसी शिपचे, पदांना कवी पॉल लॉरेन्स डनबरचा हात लागलेला, प्रमुख भूमिकांत बर्ट विल्यम्स आणि जॉर्ज वॉकर. लेखणीपासून अभिनयापर्यंत सारं काही कृष्णवर्णीयांचं, असं पूर्ण लांबीचं संगीतक ब्रॉडवेच्या बड्या थिएटरात प्रथमच होत होतं. प्रयोग झाले ५३. मग मंडळी लंडनला गेली, शाफ्ट्सबरी थिएटरात गाजली आणि त्याच जूनमध्ये थेट बकिंगहॅम राजवाड्यात त्यांचा खेळ झाला. इतिहासाच्या पुस्तकांत हे अभिमानानं येतं, यायलाच हवं. पण न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या रात्री कृष्णवर्णीय प्रेक्षक वरच्या गॅलरीत होते. खाली त्यांना जागा नव्हती. वर्तमानपत्रांतून वांशिक दंगलीची कुजबुज चालू होती, म्हणजे तीही शक्यता तिकीट काढणाऱ्याच्याच माथी मारलेली. विल्यम्स-वॉकर इंग्लंडच्या राजासमोर उभे राहू शकत होते. त्यांचे भाऊबंद त्यांच्याच नाटकाला पाचव्या रांगेत बसू शकत नव्हते.

आणि बर्ट विल्यम्स स्वतः? बहामामधल्या नासाऊचा हा उजळ कांतीचा माणूस रंगमंचावर येताना जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून यायचा. गोऱ्या नटांनी मिन्स्ट्रेल खेळांत कृष्णवर्णीयांची टिंगल करायला जो मुखवटा बनवला, तोच खऱ्या कृष्णवर्णीय नटाला चढवावा लागला, कारण गोरा प्रेक्षक पैसे त्याचे देत होता. विल्यम्स १९१० मध्ये झिगफेल्डच्या फॉलीज या ब्रॉडवेवरच्या बड्या नाचगाण्यांच्या खेळात गेला, अमेरिकेतल्या सर्वांत लोकप्रिय विनोदी नटांपैकी एक झाला, पण काजळी काही सुटली नाही. घर दुसऱ्याचं असलं की तोंडाला काय लावायचं हेही घरमालकच ठरवतो.

आता शिकागोला येऊ. स्टेट स्ट्रीट आणि २७ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रॉबर्ट मॉट्स नावाचा माणूस दारूचा गुत्ता आणि जुगाराचा अड्डा चालवत होता. १९०४ मध्ये त्यानं तिथं पेकिन नावाचं करमणुकीचं ठिकाण काढलं आणि १९०६ मध्ये त्याचं रीतसर थिएटर बांधलं. मालक कृष्णवर्णीय, व्यवस्थापक कृष्णवर्णीय, वाद्यवृंद संगीतकार जो जॉर्डन याच्या हाताखाली, आणि पगारावर ठेवलेली स्वतःची नाटक मंडळी. प्रेक्षकानं हवं तिथं बसावं. देशात असं दुसरं थिएटर नव्हतं.

शहरातल्या काही पाद्र्यांना हे मुळीच रुचलं नाही. जुगाराच्या पैशातून उभं राहिलेलं घर, तिथं सभ्य बायामाणसांनी पाय ठेवायचा? जमावानं केलेल्या हत्यांविरुद्ध देशभर रान उठवणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनी मात्र याच पेकिनमध्ये एका सामाजिक संस्थेसाठी मदतीचा खेळ ठेवला आणि धर्मगुरूंचा रोष पत्करून मॉट्सची बाजू घेतली. मला वेल्सबाईंचं म्हणणं पटतं, आणि तेही भाबडेपणानं नव्हे. बँक ज्याला उंबऱ्यातही उभं करत नाही त्यानं भांडवल कुठून आणायचं होतं? गुत्त्यातून, जुगारातून, सायकल दुरुस्तीच्या धंद्यातून, केसांच्या तेलातून. या थिएटरांचे मूळ पैसे शोधत गेलं तर हेच सापडतं. इंडियानापोलिसमध्ये १९२७ मध्ये उघडलेलं वॉकर थिएटर मॅडम सी. जे. वॉकर यांच्या केशप्रसाधनांच्या कंपनीनं बांधलं. ब्रॉडवेचं भांडवल कुठून आलं होतं, याची चौकशी कुठल्या पाद्र्यानं केल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

पेकिनचं खरं काम मात्र नाटक बसवण्याचं होतं, आणि तेही भराभर. मंडळी पोटाशी असल्यामुळे सतत नवा खेळ लागायचा. त्यातले बरेचसे पडले असणार. लिहायचं, बसवायचं, लोकांना नाही आवडलं तर पुढचं लिहायचं. फ्लोर्नॉय मिलर आणि ऑब्री लाइल्स ही लेखक-नटांची जोडी इथंच घडली. १९०७ च्या सुमारास त्यांनी पेकिनसाठी महापौरकीच्या निवडणुकीवरचा एक फार्स लिहिला. तोच धागा वाढवून, युबी ब्लेक आणि नोबल सिसल यांच्या गाण्यांना जोडून, २३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या ६३ व्या रस्त्यावर ‘शफल अलाँग’ उभं राहिलं. त्याचे ५०४ प्रयोग झाले. कवी लँग्स्टन ह्यूज हे नाटक बघायच्या ओढीनं न्यूयॉर्कला शिकायला आला, असं त्यानंच पुढं लिहिलं. फ्लॉरेन्स मिल्स, जोसेफिन बेकर, पॉल रोबसन ही मंडळी कधी ना कधी या नाटकाशी जोडली गेली. पेकिनच्याच मंडळीत काम केलेला चार्ल्स गिल्पिन १९२० मध्ये यूजीन ओनीलच्या ‘एम्परर जोन्स’ या नाटकाच्या मुख्य भूमिकेत न्यूयॉर्क गाजवत होता.

माझा मुद्दा इथं आहे. ‘शफल अलाँग’ हा चमत्कार म्हणून सांगितला जातो, जणू १९२१ च्या मे महिन्यात प्रतिभा आभाळातून पडली. त्यामागे चौदा वर्षांपूर्वीचं एक घर होतं जिथं नाटक पडलं तरी चालत होतं. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीयांचं एक नाटक पडलं की ‘या लोकांचं नाटक चालत नाही’ असा निकाल लागायचा आणि पुढची काही वर्षं दार बंद. पेकिनमध्ये पडलं तर फक्त ते नाटक पडायचं. न्यूयॉर्कला जाण्याआधी ‘शफल अलाँग’ फिरलं तेही वॉशिंग्टनचं हॉवर्ड आणि फिलाडेल्फियाचं डनबर अशा थिएटरांतून. हॉवर्डचे मूळ मालक गोरे होते खरे, पण ते १९१० मध्ये बांधलं होतं कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीच. डनबर १९१९ मध्ये ब्राउन आणि स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय बँकवाल्यांनी उभं केलेलं. नाटक तिथं, आपल्या माणसांपुढं घासलं गेलं.

आपल्या माणसांपुढं घासलं जाणं म्हणजे काय, हे त्यातल्या एका प्रेमगीतावरून कळतं. कृष्णवर्णीय नायक-नायिका रंगमंचावर गंभीरपणे, विनोदाचा आधार न घेता एकमेकांवर प्रेम करताहेत, हे गोरे प्रेक्षक सहन करतील का, याची कर्त्यांना न्यूयॉर्कच्या पहिल्या रात्री धास्ती होती. टोमॅटो येतात की काय म्हणून काहीजण बाहेरच्या दाराशी तयारीत होते, असं ते पुढं हसत हसत सांगायचे. टोमॅटो आले नाहीत. गाणं उचललं गेलं.

कोणी म्हणेल, हा सगळा ‘आपलं घर, आपला मालक’ याचा गोड गैरसमज आहे. कृष्णवर्णीयांची थिएटरं म्हणजे काही स्वर्ग नव्हता. बरोबर आहे, आणि हा आक्षेप मी टाळू इच्छित नाही. १९२० च्या दशकात दक्षिणेतली आणि मध्य-पश्चिमेतली कृष्णवर्णीय व्हॉडव्हिल थिएटरं एका बुकिंग संघटनेखाली आली. गाणं, नाच, नकला, कसरती, प्रहसनं अशी मिसळ घेऊन कलाकार या गावाहून त्या गावाला फिरत. संघटनेचं नाव थिएटर ओनर्स बुकिंग असोसिएशन, लघुनाव टोबा. तिचे कारभारी नॅशव्हिलचे मिल्टन स्टार आणि चॅटनूगाचे सॅम रीव्हिन हे गोरे, आणि सभासद थिएटरमालकांतलेही बहुतेक गोरेच. मा रेनी, बेसी स्मिथ, इथेल वॉटर्स, व्हिटमन भगिनी, बटरबीन्स आणि सूझी हे सगळे या चाकोरीतून फिरले. दिवसाला अनेक खेळ, प्रवासखर्च बहुधा पदरचा, राहायला जागा नाही, कारण हॉटेलं गोऱ्यांची. करार मालकाच्या सोयीनं मोडायचा. अटलांटाच्या एटी-वन (८१) थिएटरसारख्या ठिकाणी, जिथं रोजचा प्रेक्षक कृष्णवर्णीय, तिथं आठवड्यातली एक रात्र गोऱ्यांसाठी राखून ठेवायचे आणि त्या रात्री रोजच्या प्रेक्षकाला रस्ता दाखवायचे!

पण हे सगळं माझ्या म्हणण्याच्या विरोधात जात नाही. उलट गल्ल्यावर कोण बसलंय हे पाहिल्याशिवाय टोबाची कथा कळतच नाही. टोबाच्या आधी कृष्णवर्णीय विनोदी नट शर्मन डडली यानं स्वतःची थिएटरांची साखळी उभी केली होती. वॉशिंग्टनपासून दक्षिणेकडे कलाकाराला सलग आठवडे काम मिळावं, ही त्याची कल्पना. रंगमंचावर खेचराला घेऊन फिरणारा हा माणूस हिशेबात पक्का होता. पुढं टोबानं ती कल्पनाच गिळली. नटांची चरित्रं वाचली तर डडली हा ‘खेचरवाला नट’ म्हणून एका ओळीत संपतो. धंद्याचा इतिहास वाचला तर तो पहिल्या पानावर येतो.

कृष्णवर्णीय मालक टिकले का? फार थोडे. मॉट्स १९११ मध्ये वारला आणि पेकिनची रया गेली. त्या इमारतीत पुढं पोलिस ठाणं आलं आणि शेवटी तीही पडली. डनबरच्या बँकवाल्यांनी थिएटर जॉन गिब्सन या कृष्णवर्णीय थिएटरमालकाला विकलं. महामंदीनं गिब्सनलाही धुऊन नेलं. बोलपट आले तशी वाद्यवृंदांची आणि व्हॉडव्हिलची गरजच उरली नाही, टोबा १९३० च्या आसपास बुडाली. मग शहरांच्या पुनर्रचनेच्या नावाखाली मोठे रस्ते आले, आणि ते जिथून गेले ती वस्ती बहुतेकदा कृष्णवर्णीयांची असायची. मायामीच्या ओव्हरटाउनचं पोट महामार्गांनी चिरलं. तिथं गेडर वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजकानं १९१३ मध्ये बांधलेलं लिरिक थिएटर तेवढं शिल्लक राहिलं आणि पुढं एका कृष्णवर्णीय इतिहास-संस्थेनं ते विकत घेऊन उभं केलं.

यावर एक शहाणपणाचा युक्तिवाद होतो. वंशभेद गेला, कृष्णवर्णीय प्रेक्षक हवं तिथं जाऊ लागला, मग वेगळी घरं ओस पडणारच. याला रडायचं कशाला? मीही रडत नाही. कुणालाही गॅलरीत परत पाठवायचं नाही. पण वेगळेपण संपलं तेव्हा दार एकाच बाजूनं उघडलं, हे सांगितलंच पाहिजे. कृष्णवर्णीय प्रेक्षक गोऱ्यांच्या थिएटरात गेला. गोऱ्यांचं भांडवल, कर्ज, विमा, वितरकांचे करार कृष्णवर्णीयांच्या थिएटरात आले नाहीत. प्रेक्षक मोकळा झाला आणि मालक बुडाला. यातलं पहिलं साजरं करताना दुसरं झाकून ठेवायचं काही कारण नाही.

दूरच्या या घरांचा आपल्याशी संबंध काय, असं मराठी वाचक विचारू शकतो. एक अगदी खरा संबंध आहे. पेकिनपासून जवळच, स्टेट स्ट्रीटवरच, व्हेन्डोम नावाचं थिएटर होतं. तिथं अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात टेडी वेदरफोर्ड पियानो वाजवायचा, काही काळ लुई आर्मस्ट्राँगसोबत. हाच वेदरफोर्ड आशियात आला आणि १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ हेही त्याच काळात तिथं होते. त्यांच्या सहवासात गोव्याच्या वादकांनी जॅझ आत्मसात केलं. अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजे आपला चिक चॉकलेट, हा त्याच परंपरेतला ट्रम्पेटवाला, आणि तो पुढं सी. रामचंद्रांच्या हाताखाली सिनेसंगीतात आला. अण्णांच्या गाण्यांतला तो पितळी वाद्यांचा उसळता ठेका ज्यांच्या कानात आहे, त्यांना स्टेट स्ट्रीट तितकासा परका नाही. व्हेन्डोमही आता नाही.

तर पैसा कुणाला द्यायचा? या घरांना देखणेपणाची फूटपट्टी लावणं मुळातच अन्यायाचं आहे. कर्जाशिवाय बांधलेल्या इमारतीवर संगमरवर आणि सोनेरी नक्षी कुठून येणार? नंतर ती चर्चला किंवा गोदामाला विकली जाते, दर्शनी भाग बदलतो, आणि मग संरक्षण समिती म्हणते की मूळ रूप राहिलेलं नाही. लाफायेटचंही पुढं चर्च झालं होतं आणि रूप पालटलं होतं. १९३६ मध्ये तिथं दिग्दर्शक ऑर्सन वेल्सनं कृष्णवर्णीय नटांना घेऊन ‘मॅकबेथ’ केला, त्याआधी १९१५ पासून अनिता बुश हिनं सुरू केलेली लाफायेट प्लेयर्स मंडळी तिथं घडली, तरी ते वाचलं नाही. म्हणजे दिग्गज नावांचा निकषही वेळेला कामी येत नाही.

जिथं स्थानिक लोकांनी मालकाचा इतिहास धरून ठेवला, तिथं चित्र बरं आहे. व्हर्जिनियातल्या नॉरफोक इथं अटक्स थिएटर १९१९ मध्ये कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांनी पैसा घालून, हार्वी जॉन्सन या कृष्णवर्णीय वास्तुविशारदाकडून आराखडा करून बांधलं. नाव ठेवलं क्रिस्पस अटक्सचं, १७७० च्या बोस्टन हत्याकांडात ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पडलेल्या कृष्णवर्णीयाचं, आणि अग्निरोधक पडद्यावर त्याच्याच मृत्यूचं चित्र रंगवून घेतलं. ते २००४ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि तिथं प्रयोग होतात. जॉर्जियातल्या अथेन्समध्ये मनरो बॉवर्स मॉर्टन, ज्याला सगळे पिंक मॉर्टन म्हणत, यानं १९१० मध्ये बांधलेल्या इमारतीत वर थिएटर होतं आणि बाकी जागेत डॉक्टर, दंतवैद्य, औषधांचं दुकान. म्हणजे त्या कोपऱ्यावर एका समाजाचा अख्खा बाजार एका छपराखाली होता. १९५० च्या दशकात बंद पडलेलं ते थिएटर १९९३ मध्ये उघडलं, आणि त्यासाठीचा पैसा मतदारांनी सार्वमतात मंजूर केलेल्या विक्रीकरातून आला. तारांकित नावांपेक्षा ‘ही जागा कुणी बांधली’ हे लोकांना मतपेटीपर्यंत घेऊन गेलं, असा मी त्याचा अर्थ लावतो.

जॉर्जियातल्याच मेकन गावच्या डग्लस थिएटरचं उदाहरण मला सर्वांत मोलाचं वाटतं. तिथं तरुण ओटिस रेडिंगनं गाण्याच्या स्पर्धा जिंकल्या, म्हणून लोक जातात. जावं. पण त्याच गावातल्या ग्रंथालयाच्या दप्तरखान्यात चार्ल्स डग्लस या मालकाच्या धंद्याची कागदपत्रं आहेत, टोबाच्या रीव्हिनशी झालेला पत्रव्यवहार आहे. टोबाच्या पोटात शिरून एक कृष्णवर्णीय मालक कसा धंदा करत होता, हे त्यातून कळतं. रेडिंगचा आवाज तबकड्यांवर सुरक्षित आहे. संवर्धनाच्या निधीतला ठरावीक वाटा अशा हिशेबवह्यांना, करारपत्रांना, तिकिटांच्या दरपत्रकांना मिळायला हवा. छताला सोनेरी मुलामा देण्याआधी.

आणि ज्या घरांचा मालक गोरा होता, त्यांचं काय? त्यांनाही वाचवावं, पण दारं झाकू नयेत. अलाबामातल्या बर्मिंगहॅमचं लिरिक थिएटर १९१४ चं, मालक गोरे. २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं तेव्हा बाजूच्या रस्त्यावरचं ‘कलर्ड एन्ट्रन्स’ असं लिहिलेलं दार तसंच ठेवलं गेलं. अशी अक्षरं आज कशाला दाखवायची, जुन्या जखमा कशाला उकरायच्या, असं म्हणणारे होते आणि त्यांच्यात सद्हेतूचे लोकही होते. मला ते पटत नाही. दोन्ही वंशांच्या लोकांना एकाच वेळी, एकच खेळ, एकाच दरात पाहता येणारं दक्षिणेतलं हे सुरुवातीचं थिएटर, अशी लिरिकची कीर्ती सांगितली जाते आणि ती खोटी नाही. पण तेवढंच दराचं तिकीट हातात घेऊन माणूस त्या आडबाजूच्या दारानं आत शिरायचा आणि जिना चढून बाल्कनीत जायचा. दार काढून टाकलं असतं तर थिएटरकडे फक्त सारख्या दराची गोष्ट उरली असती.